गांठी मारणारीच्या गांठीस काय?

दिवाळीच्या आधींच्या आठवड्यांत आमच्या गांवच्या एका मंगल कार्यालयांत स्त्रियांनीं केलेल्या वस्तूंचें प्रदर्शन भरलें होतें. पणत्या, उटणें, फराळाचे जिन्नस या नेहमींच्या मालाशेजारीं एका कोंपऱ्यांत सुती दोरांच्या गांठींनीं विणलेल्या वस्तु मांडिल्या होत्या: भिंतीवर टांगावयाच्या जाळ्या, कुंड्यांचीं शिंकीं, दाराचीं तोरणें, किल्ल्यांचे गोंडे. या कामास मॅक्रमे म्हणतात. तेथें आमच्या समक्ष घडलेला संवाद असा. पेठेंतील एक वजनदार व्यापारी एक जाळी हातांत घेऊन म्हणाले, "ताई, हे आठशें कशाचे? दोऱ्याच्या गांठीच ना या? चारशें घ्या." बाई संकोचून म्हणाली, "काका, सहाशें तरी द्या. घरींच करतें मी, वेळ जातो म्हणून." सौदा पांचशेंवर ठरला. याच गृहस्थांच्या दुकानांत "एकच भाव" ही पाटी कित्येक वर्षें टांगलेली आहे!

त्या गृहस्थांस दोष देण्यासाठीं आम्ही हें लिहीत नाहीं. आमच्याच घरच्या व्हरांड्यांत टांगलेलें कुंडीचें शिंकें असेंच घासाघीस करून आणलेलें आहे, आणि तें आणतांना आम्हांसही आपण मोठें व्यवहारचातुर्य केलें असें वाटलें होतें. आम्हांस बोलावयाचें आहे तें त्या बाईच्या शेवटच्या शब्दांविषयीं. "वेळ जातो म्हणून" हे तीन शब्द उच्चारतांच तिनें आपल्या मालाची किंमत स्वतःच्या तोंडानें अर्धी केली. लोहार "वेळ जातो म्हणून" घण मारीत नाहीं. वकील "वेळ जातो म्हणून" कज्जा चालवीत नाहीं. मग गृहिणीच्याच श्रमाला ही क्षमायाचना कां जोडावी लागते? स्त्रियांनीं घरीं बसून चालविलेल्या या लहानशा धंद्यांत श्रमाचा हिशेबच मांडला जात नाहीं, आणि जोंवर तो मांडला जात नाहीं तोंवर हा धंदा नसून सजविलेली वेठ आहे, हें आमचें आजचें म्हणणें आहे.

ज्यांनीं हें काम जवळून पाहिलें नसेल त्यांच्यासाठीं थोडा तपशील दिला पाहिजे. यास माग लागत नाहीं, सुई लागत नाहीं, आंकडाही लागत नाहीं. एक काठी आडवी टांगावयाची, तीवर दोर दुमडून फांशानें अडकवावयाचे आणि खालीं लोंबणाऱ्या पदरांच्या हातानें गांठी मारीत जावयाचें. मधल्या दोन पदरांभोंवतीं बाजूचे दोन पदर एकदां डावीकडून व एकदां उजवीकडून फिरविले कीं सपाट चौकोनी गांठ बसते. एकाच बाजूनें फिरवीत गेलें तर तीच गांठ पीळ घेत घेत मळसूत्रासारखी खालीं उतरते. एका पदरास आडवा धरून त्यावर दुसऱ्या पदरांचे वेढे बसविले म्हणजे तिरप्या रेघा व पानें निघतात. शेवटीं टोंकें उलगडून विंचरलीं कीं झालर तयार होते. हत्यारें म्हणाल तर कात्री, फीत आणि फणी. परंतु हें साधेपण फसवें आहे. गांठींत दोर भरमसाट गडप होतो. म्हणून जेवढ्या लांबीची वस्तु हवी तिच्या सुमारें चौपट प्रत्येक पदर लागतो. दोर दुमडून घ्यावयाचा असेल तर आठपट कापावा लागतो. मध्येंच दोर अपुरा पडला तर सफाईनें जोड देणें कठीण. पुष्कळदां सारें उकलून पुन्हां बसावें लागतें. प्रत्येक गांठीवरचा ताण सारखा न राहिला तर काठीखालीं वस्तु वांकडी लोंबते. तासन् तास हात वर धरून काम केल्यावर मान, खांदे व बोटें यांवर काय बेततें तें करणारीसच विचारावें.

ही कला कोठली? मॅक्रमे हा शब्द अरबी मूळाचा असून तुर्की व इटालियन भाषांतून युरोपांत पसरला असें मानितात. कापड मागावरून उतरल्यावर सुटे राहणारे ताण्याचे पदर गांठी मारून बांधून टाकावयाचे, या विणकरी रीतींतून ती वाढली. स्पेन व इटलींत ती रुजली, खलाशांनीं जहाजांवरील रिकाम्या वेळीं ती जोपासली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत इंग्लंडच्या घरांघरांतून तिच्या झालरी लोंबूं लागल्या. विसाव्या शतकाच्या आठव्या दशकांत पाश्चात्य देशांत तिची मोठी लाट आली, पुढल्याच दशकांत ती ओसरली, आणि एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून ती पुन्हां उसळली आहे. या भरती-ओहोटीची आठवण आम्ही मुद्दाम देतों. जो धंदा आवडीनिवडीच्या लाटेवर चालतो त्यांत लाट असतांनाच गांठीस चार पैसे बांधले पाहिजेत. ओहोटी लागल्यावर हिशेबास बसून उपयोग नाहीं.

नांव परकें असलें तरी वस्तु आम्हांस परकी नाहीं. कुंडी टांगण्याचें हें जें साधन शहरांतील दिवाणखान्यांत मोठ्या कौतुकानें मिरवितें, तें शिंकेंच कीं नाहीं? दह्यालोण्याचीं मडकीं मांजरापासून राखण्यासाठीं तें आमच्या आज्यापणज्यांच्या माजघरांत आढ्याला लोंबत असे. आणि तें वळीत कोण असे? अंबाडीचा, घायपाताचा, केकताडाचा वाख काढून दावीं, कासरे, चऱ्हाटें, शिंकीं वळण्याचें काम गांवगाड्यांत मातंग बांधवांकडे होतें. त्या कसबाबद्दल त्यांस रोख मोल नव्हे, तर वर्षाकांठीं खळ्यावरचें बलुतें मिळे, आणि कसबाबरोबर अस्पृश्यतेचा शिक्का मिळे. आज तीच पिळाची व गांठीची विद्या पांढऱ्या सुतांत, गुळगुळीत काठीवर, सुशिक्षित घरांतील हातांनीं केली कीं ती "कला" ठरते. ती कला आहेच. आमची तक्रार एवढीच कीं ती पूर्वींही कला होती. एकाच्या श्रमाला जात पाहून मोल नाकारलें, दुसरीच्या श्रमाला ती बाई आहे हें पाहून मोल नाकारलें जात आहे. रोग एकच आहे: काम कोणाच्या हातचें आहे हें पाहून त्याची किंमत ठरविण्याचा. त्यावरील उपायांत जातीचा विचार टाळून चालणार नाहीं. ज्यांच्या घरांत दोर वळण्याचें ज्ञान पिढ्यांपासून आहे त्या स्त्रियांस या नव्या बाजारांत पहिली जागा मिळावी, ही न्यायाचीच गोष्ट होय.

आतां हिशेबाकडे वळूं. आमचे वाचक बहुतेक व्यापारी आहेत. त्यांस आंकड्यांची भाषा अधिक पटेल. पुढील आंकडे उदाहरणादाखल धरलेले आहेत. ज्यानें त्यानें आपापले घालून पाहावे. वीतभर रुंद व हातभर लांब अशी एक साधी जाळी घ्या. तीस चार मीटरचे १६ दोर लागले, म्हणजे ६४ मीटर सूत झालें. सुताचे २५० रुपये, काठी व किरकोळ ५०, बांधणीचा पुठ्ठा ५०. मिळून ३५० रुपये. करण्यास लागले सहा तास. बाईनें दुकानांत ती ६०० रुपयांस ठेविली. दुकानदाराची अडत शेंकडा ३०, म्हणजे १८० रुपये गेले. राहिले ४२०. त्यांतून मालाचे ३५० वजा जातां हातीं आले ७० रुपये. सहा तासांचे सत्तर रुपये, म्हणजे ताशीं बारा रुपयेही नव्हेत! आणि यांत दुकानापर्यंतचा रिक्षाचा खर्च, न खपलेला माल व नमुना बसवितांना वांया गेलेलें सूत धरलेलेंच नाहीं. पण बाई म्हणते, "सहाशेंला गेली", आणि घरचे म्हणतात, "वा! छान कमाई!"

याच जाळीची ताशीं ६० रुपये मजुरी धरली तर ३६० अधिक ३५० मिळून ७१० रुपये तिच्या हातीं पडले पाहिजेत. येथें पुष्कळ जणी दुसरी चूक करितात. ७१० वर शेंकडा ३० चढवून ९२३ ही किंमत लावितात. परंतु दुकानदार आपली अडत विक्रीच्या किंमतीवर कापतो. ९२३ चे ३० टक्के २७७ होतात व हातीं ६४६ च येतात. एका भागाकाराच्या अज्ञानांत तासाभराहून अधिक मजुरी बुडाली! ७१० ला सातांनीं भागून दहानें गुणावें, म्हणजे १०१४ ही खरी किंमत निघते. ज्या मुलीला गांठ शिकवावयाची तिला हा भागाकारही त्याच बैठकींत शिकवावा.

मजुरी इतकी कां पडते याचें कारणही उघड आहे. या धंद्यास भांडवल जवळ जवळ लागत नाहीं. सुताचें एक बंडल व एक काठी आणली कीं कोणीही आरंभ करावा. नमुने मोबाइलवर फुकट पाहावयास मिळतात. ज्या धंद्याचें दार सताड उघडें असतें तेथें गर्दी होते, गर्दींत एकमेकींपेक्षां कमी भाव सांगण्याची चढाओढ लागते, आणि सुताचा भाव कोणी कमी करूं शकत नसल्यामुळें कात्री लागते ती मजुरीलाच. त्यांत ज्या घरीं पतीचा पगार येतो ती बाई हौसेखातर सुताच्या भावांत वस्तु विकते, आणि जिच्या चुलीला याच गांठींचा आधार आहे तिचा भाव नकळत पाडते. हौस करणारीस आम्ही विनवितों कीं, बाई, हौस खुशाल करा, मैत्रिणीला वस्तु भेट द्या. पण बाजारांत मांडलीत तर पुऱ्या मजुरीनें मांडा. तुमचें औदार्य दुसरीच्या ताटांतून जातें.

"फावल्या वेळाचें काम" या कल्पनेनें काय होतें याचा धडा आमच्याच देशांत लिहिलेला आहे. आंध्र प्रदेशांतील पश्चिम गोदावरी जिल्ह्यांत नरसापूरच्या परिसरांत स्त्रिया आंकड्यानें लेस विणतात. ती कला तेथें ख्रिस्ती मिशनऱ्यांनीं आणली. तो माल परदेशीं जातो. मारिया मीझ या जर्मन समाजशास्त्रज्ञ विदुषीनें या स्त्रियांचा अभ्यास करून १९८२ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचें सार असें कीं, या स्त्रिया घरकाम सांभाळून दिवसाचे कित्येक तास विणीत असत. पण त्या "घरीं बसणाऱ्या गृहिणी" व त्यांचें काम "रिकामपणचें" असें सर्वांनीं गृहीत धरल्यामुळें त्यांची मजुरी किमान वेतनाच्याही फार खालीं राहिली, आणि व्यापार व त्याचा नफा पुरुषांच्या हातीं गेला. विणणारीस शेवटचा गिऱ्हाईक कोण व तो काय देतो याचा पत्ताही नसे. लेस व मॅक्रमे या चुलतबहिणी आहेत. एकीची गत पाहून दुसरीनें शहाणें व्हावें.

या प्रश्नाची आणखी एक बाजू आहे, व ती बाजारांतली नसून घरांतली आहे. आलेला पैसा कोणाचा? स्त्रीनें शिल्पानें म्हणजे हातच्या कसबानें मिळविलेल्या धनावर पतीचें स्वामित्व असतें, असें कात्यायनाच्या नांवचें एक स्मृतिवचन प्रसिद्ध आहे. मिताक्षरेनें स्त्रीधनाची व्याख्या पुष्कळ रुंद केली, तरी घराघरांतील वर्तन त्या जुन्या वचनाप्रमाणेंच चालत आलें. शेवटीं १९५६ च्या हिंदु वारसा कायद्याच्या चौदाव्या कलमानें या वादाचा निकाल लाविला. स्त्रीच्या ताब्यांतील मालमत्तेची ती पूर्ण मालकीण होय असें त्यांत सांगितलें, आणि ती मालमत्ता मिळण्याच्या मार्गांत तिचें स्वतःचें कसब व मेहनत यांचा स्पष्ट शब्दांनीं उल्लेख केला. कायदा होऊन पाऊणशें वर्षें होत आलीं. पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाहीं! जाळी बाई विणते, आणि गिऱ्हाईक पैसे मोबाइलवरून पाठवितें तेव्हां ते जमा होतात यजमानांच्या किंवा चिरंजीवांच्या खात्यांत. "तिला काय कळतें त्यांतलें" हें त्याचें समर्थन. जिला बत्तीस पदरांचा गुंता डोळे मिटून उकलतां येतो तिला बँकेचें एक खातें कळणार नाहीं, हें म्हणणें आम्हांस हास्यास्पद वाटतें.

यावर आक्षेप येतील ते आम्ही जाणून आहों. पहिला असा कीं, पुरी मजुरी लाविली तर माल खपणार नाहीं. इंटरनेटवरच्या दुकानांत असली जाळी तीनशेंस घरपोंच मिळते. त्यास आमचें उत्तर असें कीं, स्वस्त मॅक्रमे म्हणजे बहुधा स्वस्त यंत्र नव्हे, स्वस्त हात. त्या हातांशीं चढाओढ करून आपण जिंकलों तरी हरलोंच. जी वस्तु सर्वत्र मिळते ती करूंच नये. घराच्या भिंतीच्या मापाची, पाळण्याच्या रंगाशीं जुळणारी, लग्नाच्या मंडपासाठीं मागणीप्रमाणें केलेली वस्तु दूरच्या गोदामांतून येत नाहीं. तेथें शेजारच्या हाताला किंमत आहे. आणि कांहीं जाळ्या पुऱ्या भावास खपल्या नाहींत तर त्या न कराव्यात; ताशीं बारा रुपयांसाठीं मान मोडून घेण्यापेक्षां मोकळा वेळ अधिक मोलाचा आहे. दुसरा आक्षेप असा कीं, पैशाची भाषा आली कीं कलेचा आनंद जातो. हा आक्षेप घेणारे सद्गृहस्थ आपला पगार आनंदाखातर परत करितात असें आमच्या पाहण्यांत नाहीं.

मग उपाय काय? विणणाऱ्या भगिनींनीं एक वही घालावी. प्रत्येक वस्तूचें सूत किती, तास किती, खर्च किती व हातीं आलें काय हें तींत त्याच दिवशीं लिहावें. महिनाअखेर ती वही जें सांगेल तें कोणत्याही व्याख्यानापेक्षां खरें असेल. पैसे आपल्याच खात्यांत घ्यावे. मागणी आली कीं निम्मी रक्कम आगाऊ मागावी. आमचा शिंपी व आमचा सोनार ती मागतात व कोणी रागावत नाहीं. आणि एकट्यानें न राहतां दहा-बारा जणींनीं मिळून सूत ठोक भावानें आणावें, मजुरीचा एक किमान दर ठरवावा, व त्याखालीं कोणीही विकूं नये.

एकीनें काय होतें याचें उदाहरण मुंबईंतच आहे. १५ मार्च १९५९ रोजीं गिरगांवांत सात स्त्रियांनीं उसने ८० रुपये घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला. त्यांतून लिज्जत पापडाची संस्था उभी राहिली. पापड लाटणें हें मॅक्रमेहूनही साधें काम, आणि घरोघरीं फुकट केलें जाणारें. पण त्या संस्थेनें दोन गोष्टी पहिल्यापासून धरिल्या: लाटणाऱ्या भगिनीस लाटणावळ हातोहात द्यावयाची, आणि लाटणारीच संस्थेची मालकीण मानावयाची. फावल्या वेळाच्या कामास त्या दोन गोष्टींनीं धंद्याची प्रतिष्ठा आली. गांठींच्या कामास ती येऊं नये असें काय आहे?

व्यापारी बंधूंस आमची विनंती याहून लहान आहे. विणणारीचा माल "विकल्यावर पैसे" या बोलीवर घेतां, तर त्याची मुदत व पावती लेखी द्या, आणि माल विकल्याच्या आठवड्यांत पैसे चुकते करा. सुरतेच्या किंवा इचलकरंजीच्या पेढीचें देणें तुम्ही मुदतींत फेडतां, कारण पत जाईल ही भीति असते. बाईचें देणें सहा सहा महिने राहतें, कारण तिच्या तगाद्याची भीति नसते. ज्याचें भय नाहीं त्याचें देणें वेळेवर देणें हीच पतीची खरी कसोटी होय. आणि गिऱ्हाईक म्हणून आपण सर्वांनीं एवढें करावें: भाव ऐकून "गांठीच ना या?" हा शब्द जिभेवर आला कीं घरीं येऊन हातभर सुतळीच्या पन्नास गांठी सारख्या ताणानें मारून पाहाव्या. मग जी किंमत वाजवी वाटेल ती द्यावी.

स्त्रियांच्या हातास कसब मिळावें म्हणून आमच्या पूर्वसूरींनीं पुष्कळ सोसलें. रमाबाई रानडे यांनीं १९०९ सालीं पुण्यांत सेवासदनाचें काम सुरू केलें तेव्हां प्रौढ स्त्रियांनीं शिकावयास घराबाहेर पडणें हेंच धाडस होतें. त्यांनीं हाताला विद्या दिली. तिचें मोल मागण्याचें धैर्य देणें हें त्यांच्या नंतरच्यांचें काम होतें, व तें आम्हीं अर्ध्यावर टाकलें आहे. पुढल्या दिवाळीस त्याच मंगल कार्यालयांत तेंच प्रदर्शन भरेल. त्या वेळीं त्या कोंपऱ्यांतील बाईनें "वेळ जातो म्हणून" असें न म्हणतां "काका, सहा तासांचें काम आहे, आठशेंला हजार झाले आहेत, कारण यंदा मी हिशेब केला" असें म्हणावें, आणि आमच्या त्या व्यापारी स्नेह्यांनीं आपल्या दुकानांतील पाटी आठवून मुकाट्यानें हजार रुपये मोजावे, एवढीच आमची इच्छा आहे.